राखाडी कोटाची बाही

६ फेब्रुवारी

ती. मामा,
नमस्कार. अक्षरं मोठी काढली आहेत, तरी भिंग जवळ ठेवा. आई बरी आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बटणं लावते, गुडघ्याला शिव्या देते.

आता मुद्द्याचं. आधी करून मग परवानगी मागतेय, म्हणजे तुमचीच भाची शोभते! मी दुकानाचं पेज उघडलंय, फोनवर. तुम्ही दुकान माझ्यावर सोपवून लेकीकडे राहायला गेल्यावर तीन महिने दुकानात माशा मारत बसले होते हो. लोकांना रफू म्हणजे काय हेच ठाऊक नाही. कपडा फाटला की टाकतात. समोरचा चष्मेवाला म्हणाला, "ताई, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं." मग म्हटलं, बोलून बघू.

कोणतं पेज उघडावं यातच आठवडा गेला. एक असतं नोकरीवाल्यांचं, तिथे सगळे एकमेकांचं अभिनंदन करत बसलेले. एकावर नुसती भांडणं. शेवटी फोटो आणि छोटे व्हिडिओ टाकतात ते घेतलं. आपलं काम डोळ्यांनी बघायचं आहे ना. आधी फाटलेलं, मग दुरुस्त केलेलं. बास.

घरचं अकाउंट वेगळं ठेवलंय, काळजी नको. त्यात फक्त नातेवाईक. तिथे मी झाडं टाकते आणि दरवर्षी बाबा गेले त्या तारखेला त्यांचा तो खिडकीतला फोटो टाकते. यंदा खाली लिहिलं, "मी पाहिलेला सर्वांत शांत माणूस." साठ जणांनी छान छान लिहिलं. आईनं मात्र कधी बोटसुद्धा लावलं नाही. तिला फोनचं वावडंच आहे.

तर आशीर्वाद द्या. रागावलात तरी पत्र पाठवा.
तुमची भाची

१५ फेब्रुवारी

भाचीबाईंस,
आशीर्वाद मागायची रीत आवडली. लग्न लागल्यावर मुलगी पसंत आहे का विचारल्यासारखं झालं.

मी रागावलेलो नाही, पण मला पटलेलंही नाही. अगं, आपल्या धंद्याची शानच ही, की केलेलं काम दिसू नये. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते काय झालं हे कुणाला कळू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तू ती मूठ उघडून चौकात उभी राहणार.

पण मी उंटावरून शेळ्या हाकणारा, दुकान तुला चालवायचंय. तेव्हा एवढं ऐक. माणसाचा चेहरा दाखवू नकोस हे तुला कळतंच. कापडालाही चेहरा असतो. अस्तर, बटण, चौकडीचा रंग यावरून माणूस शंभरात ओळखू येतो. फाटलं कुठे हे दाखव, कशानं फाटलं हे कधीही बोलू नकोस. चाळीस वर्षं मी खिळा, उंदीर, सिगारेट, कसर, माणसाचा हात सगळं बोटांनी ओळखलं आणि तोंडाला कुलूप लावलं. माझे वडीलही तसेच होते.

माझी मुलगी म्हणते, मामा-भाचीनं फोनवर बोलावं. मला नको. कानात बोललेलं विसरायला होतं.
छोटीला सांग, गुडघ्याला शेक दे.
मामा

२ एप्रिल

ती. मामा,
उशीर झाला, माफ करा. पण कारण गोड आहे. दुकानात रांग लागतेय हो! काल एक बाई दोन गावं ओलांडून आल्या. पेजवर चार हजार माणसं झालीत. आपल्या ग्रंथालयातली झाडून सगळी मंडळी आहेत, चष्मेवाला तर येताजाता "काय सेलिब्रिटी" म्हणतो. मेला चिडवतो, पण आता त्याच्याकडेही गर्दी असते.

मला आधी वाटायचं नुसते फोटो पुरतील. पण लोकांना गोष्ट हवी असते. म्हणून मी व्हिडिओत बोलायला लागले. गेल्या आठवड्यात एका राखाडी लोकरी कोटाचा टाकला. बाही काखेपाशी फाटली होती. मी जवळून धागे दाखवले आणि म्हटलं, "मालकीणबाई म्हणतात दाराच्या कडीला अडकला. पण कापड माझ्याशी खोटं बोलत नाही. ओळखा बघू कशानं फाटलं?" अहो, धबधबा सुरू झाला! कुणी म्हणे कुत्रा, कुणी म्हणे सायकल, कुणी म्हणे मालकीणबाईंचं वजन वाढलं. हसून हसून पुरेवाट. तो एकटा व्हिडिओ नव्वद हजार वेळा पाहिला गेला.

आईला दाखवला तर म्हणाली, "काढून टाक." का, ते नाही सांगितलं. उठून मागे गेली आणि दुपारभर दोऱ्याची रिळं लावत बसली. तुमचीच बहीण. तुम्ही दोघं एका माळेचे मणी.

तुमचा नियम जरासा वाकवला हे मान्य. पण चेहरा नाही, नाव नाही. कोटाची मालकीण ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, साधी बाई, ती कशाला बघतेय असलं काही.
तुमची (प्रसिद्ध) भाची

९ एप्रिल

भाचीस,
पत्र मिळताच उलट टपाली लिहितोय.

तो कोट पहिल्यांदाच आला होता की आधीही आला होता? कोणती बाही? धागे लांब ताणलेले होते की काटकोनात तुटलेले? कडीला अडकलं की कोपरा फाटतो. हे तुला मीच शिकवलंय. तेव्हा तुला उत्तर माहीत होतं. माहीत असताना तू लोकांना का विचारलंस?

आणि ग्रंथालयातली झाडून सगळी मंडळी तुझ्या पेजवर आहेत हे तूच चार ओळी वर लिहिलंस.

छोटीचं ऐक. आजच्या आज काढ.
मामा

२१ एप्रिल

ती. मामा,
तुमचं पत्र आलं त्याच दिवशी काढला. पण बैल गेला आणि झोपा केला. तोवर लोकांनी उचलून आपापल्या पेजवर टाकला होता.

काय झालं ते सरळ लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

ग्रंथालयातल्या बायकांनी अस्तर ओळखलं. हिरव्या चौकडीचं अस्तर, रोज खुर्चीच्या पाठीला टांगलेलं असतं तिथे. त्यातल्या एकीनं, चांगल्या मनानंच, ग्रंथपालबाईंच्या घरी फोन केला. नवऱ्यानं उचलला. ती म्हणाली, "तुम्ही तिला त्रास देता हे आता सगळ्यांना कळलंय." त्याला आधी काही समजलंच नाही. मग त्यानं व्हिडिओ शोधला. दुसऱ्या दिवसापासून ग्रंथपालबाई कामावर आलेल्या नाहीत. आज अकरा दिवस झाले. फोन बंद.

तो दुकानात येऊन गेला, मामा. मला वाटलं होतं कुणी आडदांड, लालभडक डोळ्यांचा असेल. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, आवाज लोण्यासारखा. विजार पुढे ठेवली. म्हणाला, "तुमचं पेज आमच्या घरी पाहिलं. फार हुशार आहात. नुसत्या बाहीवरून घर ओळखता. ही विजार मात्र खरंच खिळ्याला अडकली, हिच्यावर चर्चा नको." आणि हसला. मी मुकाट्यानं विजार घेतली, पावती फाडली. "बाई कशा आहेत?" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

आता जे तुमच्यापासून लपवलं ते. त्या शेकडो उत्तरांत एकानं लिहिलं होतं, "कुणीतरी दंडाला धरून ओढलंय." मी त्याखाली लिहिलं, "शाब्बास! बरोबर." आणि टाळ्यांची चित्रं टाकली. तीन टाळ्या. मला उत्तर आल्याचा आनंद झाला होता, शाळेतल्या बाईंना होतो तसा. आणि हो, कोट दुसऱ्यांदा आला होता. जानेवारीत डावी बाही, मार्चमध्ये उजवी. दोन्ही वेळा मला कळलं होतं. कळून मी काय केलं, तर चांगला उजेड बघून फोनचा कॅमेरा लावला.

जेवण जात नाही. आईशी बोलायचं धाडस नाही. आज सकाळपासून माफीचा व्हिडिओ करतेय. चार वेळा केला. एकात फार रडले, एकात रडणं खोटं वाटलं. उद्या टाकते. सगळ्यांसमोर चूक केली तर माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी ना?
भाची

२९ एप्रिल

बाळ,
टाकू नकोस. टाकला असशील तर काढ. माफी त्या बाईची मागायची की नव्वद हजार लोकांची? लोक तुला पटकन माफ करतील. त्यांचं काय गेलंय? आणि ज्यांना माहीत नाही त्यांनाही पुन्हा कळेल की एक कोट होता आणि एक बाई होती.

तू चुकलीस. मी पांघरूण घालणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं केलंस. पण आता मला माझं लिहायचंय. चार दिवस कागद पुढे घेऊन बसलोय. मुलगी विचारते, पत्र आहे की मृत्युपत्र?

तुझ्या आईचा एक निळा कोट होता. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. तो माझ्याकडे तीन वेळा आला. काखेपाशी. धागे लांब ताणलेले. तिसऱ्या वेळी खिशाची पट्टीही उपटलेली होती. पहिल्यांदा ती म्हणाली, जिन्यात पाय घसरला. नंतर मी विचारलंच नाही, म्हणून तिनंही काही सांगितलं नाही.

मी तो कोट असा रफू केला की वडील असते तर पाठ थोपटली असती. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागा काढला, उजेडासमोर धरून आडवा-उभा मोजला. आणि घडी घालून तिच्या हातात दिला. तुझे बाबा शांत होते हे खरं आहे. चारचौघांत फार शांत होते. माझ्याकडे आले की माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि मीही मारायचो.

मी स्वतःला सांगत राहिलो, हा धंद्याचा नियम आहे. गिऱ्हाईकाचं गुपित. अगं, ती काय गिऱ्हाईक होती का? माझ्या पाठची बहीण ती. पुढे तू अकरा वर्षांची असताना ते आजारपणात गेले, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. बहिणीचं दुःख संपलं म्हणून नाही. आता मला विचारावं लागणार नाही म्हणून.

तेव्हा फोनला शिव्या देऊ नकोस. माझ्याकडे फोन नव्हता. तू नको तिथे बोललीस, मी हवं तिथे बोललो नाही. यात माझं पाप मोठं आहे आणि जुनं आहे.

त्या बाईंना शोध. भेट. हे पत्र छोटीला दाखवायचं की नाही, तू ठरव. माझ्यात हिंमत नाही.
मामा

२२ मे

ती. मामा,
तीन आठवडे मी तुम्हाला लिहिलं नाही. राग होता. तुमच्यावर, माझ्यावर, बाबांवर, सगळ्यांवर. तो खिडकीतला फोटो मी दरवर्षी टाकत होते आणि आई त्याच खोलीत बसून भाजी निवडत असायची. साठ माणसं बाबांचं कौतुक करत होती आणि मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवत होते, मामा. एकेक. नावानिशी.

ग्रंथपालबाई भेटल्या. सहा मेपासून त्या कामावर परत आल्यात. मी ग्रंथालय उघडायच्या वेळेला गेले. त्या पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारत होत्या. अंगात पातळ स्वेटर. मी उभी राहिले, पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मी रफूवाली."

"ओळखलं," त्या म्हणाल्या आणि शिक्के मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "माफी मागायला आलात की हलकं व्हायला?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "दोन्हीसाठी."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. "जानेवारीतच कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मला वाटलंच होतं. तुम्ही बाही उलटी करून फार वेळ बघत होतात. मी थांबले होते हो काउंटरपाशी. म्हटलं, आता विचारतील. तुम्ही पावती दिलीत. मार्चमध्ये मुद्दाम पुन्हा तुमच्याकडेच आले. तर तुम्ही सगळ्या जगाला विचारलंत. मला सोडून."

मामा, त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन पुस्तकं परत करायला माणूस आला म्हणून मध्येच थांबल्या, त्याला हसून "वेळेत आणलीत" म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य बोलल्या. त्या अकरा दिवसांत त्यांना घराबाहेर पडू दिलं नव्हतं. बाराव्या दिवशी एका पिशवीनिशी निघाल्या. आता फोन करणाऱ्या त्या बाईंच्याच घरी, मागच्या खोलीत राहतात. मला वाटलं, म्हणजे माझ्या मूर्खपणातून काहीतरी चांगलं निघालं. चेहऱ्यावर ते दिसलं असणार. त्या लगेच म्हणाल्या, "तसं काही मनात आणू नका. मी निघणारच होते. माझ्या वेळेनं, माझ्या कागदपत्रांसकट. तुम्ही मला पळायला लावलंत."

मग म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण शनिवारी सामान आणायला जायचंय. एकटीनं जायचं नाही म्हणतात. येता का? फोन घरी ठेवून या."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. टाळ्यांसकट. आणि तुमचं पत्र दिलं. तिनं चष्मा पुसला, वाचलं, घडी घातली, ब्लाऊजात खोचलं. शनिवारी सकाळी बघते तर चपला घालून दारात उभी. "मी पण येते." तो गुडघा घेऊन, तीन मजले.

त्यानं दार उघडलं. तोच लोण्याचा आवाज, "या, या." आई दोन्ही पाय रोवून उंबऱ्यात उभी राहिली ती सामान बांधून होईपर्यंत हलली नाही. त्यानं मध्ये एकदा म्हटलं, "आजी, बसा ना." आई म्हणाली, "मी बघायला आलेय, बसायला नाही." त्यानंतर तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. ग्रंथपालबाईंनी दाखले, पुस्तकं, शिलाई यंत्र, भिंतीवरचं घड्याळ घेतलं. कोट खुंटीला होता. तो नाही घेतला.

परत येताना बसमध्ये आई पहिल्यांदा त्या निळ्या कोटाबद्दल बोलली. खिडकीबाहेर बघत. तिचेच शब्द लिहिते. "वडिलांनी रफू दोघांना शिकवला होता. दादाला आणि मला. माझा हात त्याच्यापेक्षा बारीक. तो कोट मी घरी तासाभरात केला असता, कुणाला कळलंही नसतं. दोन बस बदलून मी तो दादाकडे कशाला नेत होते? त्यानं विचारावं म्हणून. तो कोट परत द्यायचा आणि म्हणायचा, बघ छोटे, कुठे फाटला होता सांग. मी म्हणायचे, नाही ओळखू येत. मग बराच वेळ दुकानात रेंगाळायचे. मग बस पकडायचे."

एवढंच. घरी आल्यावर भात लावला.

माफीचा व्हिडिओ टाकला नाही. पेज मी बंद केलेलं नाही. पोट आहे. पण गिऱ्हाईकाचं एकही कापड त्यावर नाही. घरच्याच जुन्या चादरीला भोक पाडते, बुजवते, ते दाखवते. माणसं कमी झालीत. बाबांचे फोटो काढून टाकले. ग्रंथपालबाईंची माफी मिळालेली नाही, ती मिळेल म्हणून मी वाटही बघत नाही. आता बाही उलटी केली आणि धागे तसे दिसले, की सुई खाली ठेवते आणि विचारते. हळू आवाजात. परवा एक बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय?" आणि कपडा घेऊन गेल्या. जाऊ देत. दुकान कुठे आहे ते त्यांना माहीत आहे.

आईचं तुम्हाला सांगू की नको, दोन दिवस विचार केला. मग वाटलं, आपल्या घरात न सांगणं पुष्कळ झालं.
भाची

३० मे

प्रिय छोटे,
हे पत्र तुला आहे. तुझ्या मुलीनं ते मोठ्यानं वाचू नये, तू वाच.

पुढल्या बुधवारी दुपारच्या गाडीनं येतोय. मुलगी म्हणाली, डोळे असे असताना एकटे कसे जाणार? म्हटलं, बहीण दोन बस बदलून यायची.

तू रेंगाळायचीस ते मला दिसत होतं. तू बाहेर पडलीस की मी दुसरा कपडा हातात घ्यायचो. मला भीती वाटायची, की तू हो म्हणालीस तर मला उठावं लागेल, तुझ्या घरी यावं लागेल, त्याच्यासमोर उभं राहावं लागेल. मी भित्रा होतो, छोटे. काम चांगलं करायचो, पण भित्रा होतो.

माफी मागायला तोंड नाही. तू दिलीस तरी मला घेता येणार नाही. फक्त जे तेव्हा विचारायचं होतं ते आज विचारतो. पत्रानं उत्तर देऊ नकोस. मी येईन, समोर बसेन, तेव्हा वाटलं तर सांग.

फार लागायचं का गं तुला?

दादा